संगणक चालू होत नाही तेव्हा काय बघावे?

(इयत्ता चौथी)

वर्गमित्रांनो, आणि भित्तिपत्रकापाशी थांबलेल्या पालकांनो,

संगणक म्हणजे काय ते पुस्तकात दिलेले आहे. तो चालू झाला नाही तर काय करायचे ते दिलेले नाही, म्हणून मी लिहिते.

आमच्या सोप्यात माझ्या चुलत्यांचा, म्हणजे नानांचा संगणक आहे. नाना दूध गोळा करतात. सकाळ-संध्याकाळ कुणाचे किती लिटर, फॅट किती, हे सगळे त्यात असते. दर दहा दिवसांनी त्यावरून 62 जणांचे बिल निघते. त्यामुळे संगणक अडला की आमच्या दारात माणसे येऊन बसतात. दुरुस्ती बहुतेक दादाच करतो. मी बॅटरी धरते, म्हणून मला सगळे दिसते.

दादा म्हणतो, "कुठं अडलाय ते आधी बघायचं. उगंच बटणं दाबायची न्हाईत."

बटण दाबले की पहिल्यांदा वीज आत येते. डब्यात एक लोखंडी पेटी असते, तिला एस.एम.पी.एस. म्हणतात. घरातली 230 व्होल्टची वीज ती 12, 5 आणि 3.3 व्होल्ट अशी कमी करून आतल्या भागांना वाटते. पंखा फिरला नाही आणि दिवाही लागला नाही, तर वीजच पोचलेली नाही. मग बोर्डाचे बटण, यू.पी.एस. आणि डब्यामागची वायर बघायची. आमच्यात एकदा उंदराने वायर कुरतडली होती. कडबा जवळच रचलेला, मग उंदीर येणारच.

वीज पोचली की संगणक हजेरी घेतो, अगदी आपल्या बाईंसारखी. रॅम हजर? कीबोर्ड हजर? डिस्क हजर? हजेरी घेणाऱ्याचे नाव बायॉस. तो एका चिपमध्ये राहतो. पंखा फिरतोय, पडदा काळा आहे आणि आतून सारखे बीप बीप वाजतेय, तर बहुतेक वेळा रॅम नीट बसलेली नसते. (बीपचा अर्थ प्रत्येक कंपनीचा निराळा असतो.) दादा आधी वायर बोर्डातून काढतो, मग रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर हळू फिरवतो आणि पट्टी परत टक्क आवाज येईपर्यंत दाबतो. खोडरबर माझा असतो, तो काळा होतो.

तारीख आपोआप मागे गेली, तर मदरबोर्डवरचा गोल सेल संपलाय. तो 3 व्होल्टचा असतो आणि त्यावर सी.आर. 2032 लिहिलेले असते. 2032 हे साल नव्हे. 20 म्हणजे रुंदी 20 मिलिमीटर आणि 32 म्हणजे जाडी 3.2 मिलिमीटर. तो सेल संपला तेव्हा नानांच्या पावतीवर माझ्या जन्माच्या आधीची तारीख छापून आली. लोक म्हणाले, "नाना, मागची बाकी देताय व्हय?"

हजेरी झाली की बायॉस विंडोज कुठे आहे ते शोधतो. ते डिस्कवर असते. पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' आले म्हणजे त्याला ते सापडले नाही. तरी घाबरू नये. आधी मागे पेन ड्राइव्ह राहिलाय का बघावे, कारण काही वेळा तो त्यातच शोधत बसतो. पूर्वी 1.44 एम.बी.च्या फ्लॉपी असायच्या, तेव्हाही फ्लॉपी आत विसरली की असेच व्हायचे. पेन ड्राइव्ह नसेल तर संगणक बंद करून डिस्कची वायर घट्ट करावी.

आता डिस्कविषयी. हे नीट वाचा.

हार्ड डिस्कमध्ये आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. पुष्कळशा डिस्क मिनिटाला 7200 वेळा फिरतात, म्हणजे सेकंदाला 120. तबकडीवर एक बारीक हेड फिरते, पण टेकत नाही. मधली जागा इतकी कमी असते की धुळीचा कणही त्यात मावत नाही. म्हणून डिस्क घरी उघडायची नाही. पहिली डिस्क आय.बी.एम. कंपनीने 1956 साली काढली. तिच्यात 24 इंची 50 तबकड्या होत्या आणि अख्ख्या यंत्रात फक्त 50 लाख अक्षरे मावत. तेव्हा महाराष्ट्र राज्यसुद्धा झालेले नव्हते.

बिलाच्या आदल्या दिवशी नानांच्या डिस्कमधून टिक... टिक... असा आवाज यायला लागला. हेडला जागा सापडत नाही म्हणजे ते पुन्हापुन्हा मागे येते, त्याचा हा आवाज. नाना परत परत बटण दाबणार होते. दादाने हात धरला. अशी डिस्क जितकी जास्त चालवावी तितकी ती बिघडत जाते. एका दुकानदाराने फोनवर सांगितले, "नवी टाका, जुन्यातलं काय मिळत नसतंय." आज्जी म्हणाली, "मग लोकांचं पैसं?"

दादाने ती डिस्क काढून त्याच्या मित्राच्या संगणकाला दुसरी डिस्क म्हणून जोडली. चेकडिस्क आधी चालवली नाही. चेकडिस्क दुरुस्ती करताना डिस्कला फार राबवते, ती आजारी डिस्कला झेपत नाही. विंडोज, गाणी, फोटो सगळे सोडून पहिल्यांदा दुधाचा फोल्डर उतरवला. तो आला. शेवटचे दोन दिवस मात्र आले नाहीत, ते आम्ही घरोघरच्या कार्डांवरून भरले. मी वाचत होते आणि नाना टाइप करत होते. बिल एक दिवस उशिरा निघाले, पण सगळ्यांचे निघाले. नंतर डिस्क बंदच पडली.

नव्या एस.एस.डी. डिस्कमध्ये फिरणारे काहीच नसते. ती जलद असते, पण बिघडताना आवाज करत नाही. मला वाटते, टिकटिक करून सांगणारी जुनीच बरी.

माझ्या मामांचे गाव सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठी आहे. आमच्या सातारा जिल्ह्यातली कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि सगळे पाणी तिकडे जाते. ऑगस्ट 2019 च्या पुरात सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेले होते. मामांनी जनावरे बाहेर काढली, संगणक खालीच राहिला. पाणी ओसरल्यावर त्यांनी डिस्क उन्हात वाळवली आणि जोडून बघितली. ती चालली नाही. हळदीचा हिशोब गेला आणि आईच्या लग्नाचे फोटोही गेले. आईला ते अजून वाईट वाटते. दादा म्हणतो, पुरात भिजलेली डिस्क वाळवू नये आणि तिला वीजही देऊ नये, कारण गाळ आत वाळून चिकटतो. ती तशीच ओली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डिस्कमधली माहिती काढून देणाऱ्याकडे न्यावी. खर्च पुष्कळ येतो.

म्हणून आता आमच्यात दोन प्रती करतात. एक प्रत घरातच ठेवली तर चोरी, पूर, वीज सगळे एकदमच दोघींना गाठेल, म्हणून दुसरी मामांकडे असते. मामांच्या हळदीच्या हिशोबाची प्रत आमच्याकडे, माडीवर तांदळाच्या डब्याशेजारी. इंटरनेटवरही ठेवता येते, पण आमच्या वस्तीवर रेंज कधी असते, कधी नसते. आई माहेरी निघाली की नाना तिच्या पिशवीत पेन ड्राइव्ह घालतात आणि येताना मामांचा घेऊन ये म्हणून दोनदा सांगतात.