बाजार पडला असता पॉलिसी मोडावी काय?

चांदवडच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव पाहिलेल्या माणसाला शेअर बाजाराची चढउतार वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ज्याच्या चाळीत कांदा टिकतो आणि घरी आजची नड नाही, तो चांगल्या भावाची वाट पाहतो. ज्याला उद्या सोसायटीचे कर्ज भरायचे आहे, त्याला पडत्या भावात ट्रॅक्टर रिकामा करावा लागतो. बाजाराशी जोडलेल्या विमा योजनेचे, म्हणजे युलिपचे, नेमके असेच आहे.

या योजनेत आपल्या हप्त्यातून विम्याचा व व्यवस्थापनाचा खर्च वजा होतो आणि उरलेल्या रकमेची युनिटे घेतली जातात. युनिटाचा भाव रोज बदलतो. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांच्या घरात गेलेला सेन्सेक्स त्याच वर्षी ऑक्टोबरात नऊ हजारांखाली आला होता. त्या काळी मुदतीआधी पॉलिसी मोडणाऱ्याच्या रकमेतून कंपन्या भरमसाट कपात करीत. १ सप्टेंबर २०१० पासून विमा नियामकाने या कपातीला मर्यादा घातली. त्याबरोबरच पाच वर्षांची अटही आली. त्याआधी पैसा हातात मिळत नाही.

एक हिशेब मांडू. एका भगिनीने वर्षाला ३० हजारांप्रमाणे दोन हप्ते, म्हणजे ६० हजार भरले. तिसऱ्या वर्षी बाजार कोसळला आणि युनिटांची किंमत ४२ हजार झाली. घाबरून तिने पॉलिसी मोडली. आजच्या नियमाने कपात जास्तीत जास्त १,५०० रुपये. उरले ४०,५००. म्हणजे दंड लहानच. खरा घाव १८ हजारांचा, तो बाजाराचा व खर्चाचा.

परंतु पुढची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. हे ४०,५०० रुपये कंपनी बंद पॉलिसींच्या वेगळ्या फंडात टाकते. तेथे किमान चार टक्के व्याज मिळते आणि रक्कम पाच वर्षे पूर्ण झाल्यावरच हाती येते. मधल्या काळात बाजार वर गेला तरी त्याचा लाभ नाही. मार्च २०२० मध्ये सेन्सेक्स २६ हजारांपर्यंत घसरला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याने ५० हजारांना स्पर्श केला. घसरणीत बाहेर पडलेल्यांचे नुकसान मात्र कायम झाले. हप्ता भरणे नुसते थांबवले तरी पॉलिसी याच वाटेने जाते. पण हप्ता चुकल्यापासून तीन वर्षांत ती पुन्हा चालू करता येते, हे ध्यानात ठेवावे.

बाजार प्रत्येक वेळी इतक्या लवकर सावरेल, असे कोणीही सांगू शकत नाही. म्हणून आमचा आग्रह पॉलिसी न मोडण्याचा नाही. मोडण्याची वेळ येईल असा पैसा तिच्यात न घालण्याचा आहे. मनमाडच्या रेल्वेतून वा शाळेतून निवृत्त होणाऱ्या आमच्या बांधवांच्या हाती आयुष्यात एकदाच मोठी रक्कम येते. 'एकदाच भरायचे' असे समजून ते सही करतात आणि पुढल्या वर्षी दुसऱ्या हप्त्याची मागणी दारात येते. मुलीचे शिक्षण, घराचे छप्पर, आजारपण यांसाठी लागणारा पैसा बँकेत किंवा पोस्टातच असू द्यावा.

सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हप्ता किती वर्षे भरायचा? पाच वर्षांच्या आत मोडल्यास काय मिळेल आणि केव्हा मिळेल? बाजार निम्मा झाला तर माझ्या रकमेचे काय होईल? उत्तरे कागदावर मागावीत. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती नापसंत म्हणून परत करता येते. फसवणूक झाली असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्यावी. महिनाभरात दाद न मिळाल्यास विमा लोकपालांकडे जावे. तेथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

घरात शिकलेली मुले आहेत. पॉलिसीचा कागद त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या आणि मगच सही करा.