‘बोलेल हळूहळू’ म्हणण्यापूर्वी...

‘याचे वडीलही चार वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते’, ‘मुलगे जरा उशिराच बोलतात’, ‘एकदा सुरू झाला की थांबायचा नाही बघा!’ दोन-अडीच वर्षांचे मूल अद्याप बोलत नसेल, तर त्या घरातील आईवडिलांना ही वाक्ये तोंडपाठ झालेली असतात. कोणी वेखंड उगाळून चाटवण्यास सांगते, तर कोणी जिभेखालचा पडदा कापून घेण्याचा सल्ला देते. या साऱ्यामागे माया असते, यात शंका नाही. परंतु मायेपोटी दवडलेला काळ त्या मुलास परत मिळत नाही.

बेंगळुरूमध्ये वास्तव्य करणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होऊन उभा राहतो. सतराव्या शतकात शहाजीराजांना येथील जहागीर मिळाली, तेव्हापासून या शहरात मराठी भाषा नांदते आहे. आजही नोकरी वा बदलीच्या निमित्ताने असंख्य मराठी कुटुंबे येथे येतात. आजी-आजोबा गावी, आईवडील दोघेही नोकरीत, सांभाळणाऱ्या बाई कन्नड बोलणाऱ्या, शेजारी तमिळ वा तेलुगू आणि पाळणाघरात इंग्रजी. अशा घरातील मूल बोलले नाही की दोष लगेच भाषांच्या गर्दीवर जातो आणि ‘घरातील मराठी बंद करा, एकच इंग्रजी ठेवा’ असा सल्ला मिळतो. चांगल्या हेतूने दिला जाणारा हा सल्ला चुकीचा आहे.

शब्दांआधीचा संवाद

बोलणे आणि संवाद साधणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिला शब्द उच्चारण्याच्या कितीतरी आधी मूल नजरेला नजर देते, हाक मारल्यावर वळते, हवी ती वस्तू बोटाने दाखवते, ‘टाटा’ करते. हा संवादाचा पाया होय. हा पाया भक्कम असलेली आणि सांगितलेले नीट समजणारी मुले उशिरा का होईना, पुष्कळदा इतरांच्या बरोबरीला येतात. मात्र कोणते मूल आपोआप बरोबरीला येईल आणि कोणाला मदतीची गरज आहे, हे घरबसल्या ठरवता येत नाही. म्हणूनच तपासणी हवी.

सर्वसाधारणपणे पुढील बाबींकडे लक्ष द्यावे. वर्षाचे झाले तरी मूल ‘बाबा’, ‘दादा’ अशी बडबड करीत नाही, बोटाने काही दाखवत नाही किंवा नावाने हाक मारल्यास पाहत नाही; 16 महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही; 24 महिन्यांपर्यंत ‘आई ये’, ‘पाणी दे’ अशी दोन शब्दांची जोडणी नाही. तसेच येत असलेले शब्द कोणत्याही वयात नाहीसे झाले, तर एक दिवसही थांबू नये.

पहिली तपासणी कानांची करावी. दार वाजल्यावर मूल वळते, म्हणून त्याला सारे ऐकू येते असे नव्हे. बोलण्यातील बारीक ध्वनी निसटत असू शकतात. झोपलेल्या बाळाचीही अचूक श्रवण तपासणी आज करता येते. त्यानंतर बालरोगतज्ज्ञ आणि वाचा-भाषातज्ज्ञ यांचा सल्ला घ्यावा. जिभेखालच्या पडद्यामुळे क्वचित काही उच्चार अस्पष्ट होतात, परंतु मूल मुळीच न बोलण्याचे कारण सहसा तो नसतो.

बेंगळुरूतील एक प्रयत्न

या क्षेत्रात बेंगळुरूचे नाव आवर्जून घ्यावे असे आहे. येथील निम्हान्समध्ये मुलांच्या मानसिक विकासाप्रमाणेच वाचा व श्रवणदोषांसाठीही स्वतंत्र विभाग आहे. म्हैसूर येथे 1965 मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थाही येथून फार दूर नाही.

ज्येष्ठ वाचा-भाषातज्ज्ञ डॉ. प्रतिभा कारंत यांनी 2000 साली बेंगळुरूमध्ये ‘कॉम डील’ हा उपक्रम सुरू केला. स्वमग्नता किंवा भाषाविकासातील अडचणी असलेल्या सहा वर्षांखालील मुलांसाठी तो आखलेला आहे. परदेशी पद्धती जशाच्या तशा न उचलता भारतीय कुटुंबांना व भारतीय भाषांना मानवेल अशी पद्धत त्यांनी घडवली. येथे केवळ उच्चारांवर भर दिला जात नाही. शरीराच्या मोठ्या व सूक्ष्म हालचाली, दैनंदिन कामे, आकलन, अभिव्यक्ती, विचारशक्ती, सामाजिक व भावनिक विकास अशा आठ अंगांनी मुलाची पाहणी होते. वाचातज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ आणि शिक्षिका एकत्र काम करतात आणि पालकांनाही त्यात सामावून घेतले जाते. मुलाने इतर मुलांसोबत नेहमीच्या शाळेत शिकावे, हे यामागील उद्दिष्ट. या पद्धतीच्या परिणामांचा अभ्यास 2010 मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ पेडिअॅट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

मराठी सोडू नये

अनेक भाषा कानांवर पडल्यामुळे मूल उशिरा बोलते, या समजुतीला संशोधनाचा आधार नाही. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे शब्द मोजताना दोन्ही भाषांतील शब्द मोजावे लागतात. आईजवळ ‘पाणी’ आणि सांभाळणाऱ्या बाईंजवळ ‘नीरु’ मागणाऱ्या मुलाकडे दोन शब्द आहेत. ज्या मुलास खरोखर भाषेची अडचण आहे, त्यालाही दुसरी भाषा काढून घेतल्याने लाभ होत नाही. उलट, ज्या भाषेत आईवडील सहजपणे लाड करतात, रागावतात, अंगाई म्हणतात, तीच बंद केली तर घरातील बोलणे मोजके आणि कोरडे होते. भाषा शिकण्यासाठी मुलाला नेमकी जिवंत बोलण्याची गरज असते. आजीला दूरध्वनीवर ऐकू येणारा पहिला शब्द मराठी असावा, ही अपेक्षा मुलाच्या हिताआड येत नाही.

घरी काय करावे?

यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. मुलाच्या उंचीवर बसून समोरासमोर बोलावे. ते ज्या वस्तूत रमले आहे, तिच्याविषयीच बोलावे. एखादे वाक्य बोलल्यावर मनात दहा अंक मोजून थांबावे. मुलाला उत्तर जुळवण्यास वेळ लागतो आणि वडीलधारी माणसे ती पोकळी घाईने भरून टाकतात. ‘हे काय? ते काय?’ अशी परीक्षा घेण्याऐवजी ‘केळं हवं की बिस्कीट?’ असा पर्याय द्यावा. मूल ‘दूध’ म्हणाले तर ‘गरम दूध हवं?’ असे एक पाऊल पुढे न्यावे. भाजी निवडणे, आंघोळ, देवापुढील दिवा लावणे ही सारी भाषेची शाळाच आहे.

खुणा केल्या किंवा चित्रे दाखवली तर मूल बोलण्याचा आळस करील, ही भीतीही निराधार आहे. मनातले सांगता आले की मुलाची चिडचिड कमी होते आणि संवादाची गोडी लागते. मुंबईच्या आयआयटीमध्ये तयार झालेले ‘जेलो’ हे चित्रांवर आधारित अॅप यासाठी उपयुक्त असून ते मराठीतही आहे. मात्र मूल जेवावे म्हणून तासन्‌तास हाती दिलेला मोबाइल वेगळा. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना नातलगांशी होणारे व्हिडिओ कॉल वगळता पडद्यासमोर बसवू नये, तर दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी एक तास ही कमाल मर्यादा आहे.

मदत कोठे?

उपचारांचा खर्च ही अनेक कुटुंबांची चिंता असते. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील विलंबाची तपासणी समाविष्ट आहे आणि त्याअंतर्गत जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभारण्यात आली. महाराष्ट्रातील पालकांसाठी मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून कार्यरत आहे. स्वमग्नतेचे निदान झालेल्या मुलास राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेतून एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळू शकते.

मुलाच्या नावे मुदत ठेव लवकर सुरू करण्याचे महत्त्व सुजाण पालकांना सांगावे लागत नाही. त्याच्या भाषेतील गुंतवणुकीलाही तोच नियम लागू पडतो. तपासणीनंतर ‘काळजीचे कारण नाही’ असे कळले, तर हानी एका फेरीची. परंतु कारण असेल आणि ते दुसऱ्या वर्षीच कळले, तर त्या मुलाच्या हाती संपूर्ण बालपण उरते.