सिव्हिलायझेशन ७ : समीक्षकांचा प्रतिसाद
सिड मायर्स सिव्हिलायझेशन ७ हा फिरॅक्सिस गेम्सने विकसित केलेला, पाळीपाळीने खेळावयाचा ऐतिहासिक व्यूहरचनात्मक व्हिडिओ गेम आहे. १९९१ मध्ये सुरू झालेल्या मालिकेतील हा सातवा मुख्य भाग फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रकाशित झाला. यात तीन युगे असून प्रकाशनाच्या वेळी प्रत्येक युगारंभी खेळाडूला नवी संस्कृती निवडावी लागे. नेता मात्र तोच राहतो. उदाहरणार्थ, अशोकाच्या नेतृत्वाखाली मौर्य, चोळ व मुघल अशी वाटचाल करता येते.

या बदलावरून मतभेद झाले. काही समीक्षकांच्या मते त्यामुळे रेंगाळणाऱ्या उत्तरार्धाला नवी गती मिळाली. इतरांना, एकच संस्कृती अखेरपर्यंत घडविण्याचा मालिकेचा गाभाच हरवल्यासारखा वाटला. चित्रांकन व सेनापतींची योजना वाखाणली गेली. पडद्यावरील माहितीच्या अपुऱ्या मांडणीवर मात्र बरीच टीका झाली.