दहा आकडी किल्ली

बँकेत रुजू होताना आम्हांला गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागे. खातेदाराची शिल्लक त्याच्या सख्ख्या भावालाही सांगायची नाही, हा शिरस्ता. नमुना सह्यांची कार्डे दिवस संपला की कुलपात जात, कारण खात्याची किल्ली म्हणजे सही.

आता ती किल्ली म्हणजे मोबाइलचा दहा आकडी क्रमांक. ऑगस्ट २००९पासून रिझर्व्ह बँकेने इंटरनेटवरील कार्डव्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली आणि पुढे ओटीपी घरोघर पोचला. आज बँक, आधार, गॅस, रेल्वेचे तिकीट सारे त्याच एका क्रमांकाला बांधलेले. आणि हाच क्रमांक आपण औषधाच्या दुकानात, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा, खणखणीत आवाजात सांगतो!

कुणी म्हणेल, पूर्वी टेलिफोन डिरेक्टरीत नाव-पत्त्यासह नंबर छापतच होते की. खरे आहे. पण त्या नंबराने फार तर घरातली घंटी वाजे. त्याच्यामागे काही ठेवलेले नसे. शिवाय आमच्या काळी प्रत्येक बँकेतला खाते क्रमांक वेगळा. मोबाइलचा क्रमांक मात्र सगळीकडे तोच, त्यामुळे औषधवाल्याची यादी आणि कापडवाल्याची यादी एकमेकींना जोडायला तेवढा एक धागा पुरतो.

याहून अवघड गोष्ट वेगळीच आहे. हा क्रमांक आपल्या मालकीचा नसतो. नवरा जातो, त्याच्या फोनचे रिचार्ज थांबते आणि बंद पडलेला तो क्रमांक नव्वद दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. खात्यात तो बदललेला नसेल, तर बँकेचे संदेश त्या परक्याच्या खिशात वाजू लागतात. २०२३मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा जुनी माहिती पुसण्याची काळजी जुन्या ग्राहकानेच घ्यावी, असे ठरले. तो ग्राहकच हयात नसेल तर? बँकेत वारसाचा दावा निकाली काढताना मृत्यूचा दाखला मागतात, पण त्याच्या फोनचे काय केले, हे विधवेला कोणी विचारत नाही.

दुकानदारांनी क्रमांकाची सक्ती करू नये, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३मध्ये बजावले होते. मी काउंटरवर ‘नंबर देणार नाही’ म्हणतो. तिथली मुलगी मुकाट्याने दहा शून्ये दाबते, आणि बिल निघते.