पेपरात मुंबईचं तापमान दोनदा का छापतात?

पेपरातली हवामानाची चौकट कधी वाचलीत का? त्यात मुंबईचं तापमान दोनदा दिलेलं असतं. कुलाबा इतकं, सांताक्रुझ इतकं. शहर एक आणि पारे दोन! हिवाळ्यात तर या दोघांत चांगलीच तफावत पडते. २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रुझचा पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता. हो, मुंबईतच! त्याच दिवशी कुलाब्याला मात्र ११.७ अंशांच्या खाली तो गेलाच नाही. दोन्ही वेधशाळांमधलं अंतर सरळ रेषेत वीस-बावीस किलोमीटर. सांताक्रुझची पोरं दोन गोधड्यांत कुडकुडत असतील, तेव्हा कुलाब्यातल्या पोरांचं एका गोधडीत भागलं असेल.

असं का झालं? कुलाबा म्हणजे तीन बाजूंनी समुद्र असलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. आणि पाणी हा मुलखाचा आळशी पदार्थ आहे. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो वाळू साधारण पाच अंशांनी तापते. उशिरा तापणारं पाणी निवतंही उशिराच. त्यामुळे रात्री जमीन गार पडली तरी समुद्र कोमटच राहतो आणि शेजारच्या कुलाब्याला फार गारठू देत नाही. सांताक्रुझची वेधशाळा किनाऱ्यापासून जरा आत आहे, तिच्या वाट्याला ही ऊब तेवढी येत नाही.

एवढ्याशा जागेचं असं जे स्वतःचं हवामान असतं, त्याला सूक्ष्म हवामान म्हणतात. ते शहराशहरांत वेगळं असतंच, पण एकाच गावात, एकाच वाडीत, अगदी घराच्या पुढच्या आणि मागच्या अंगणातही वेगळं असतं.

आता एक खेळ खेळूया. समजा, तुम्हाला कोकणात समुद्राजवळ घर बांधायचंय. जागा कुठलीही निवडा, पैशांची काळजी मोठे करतील. कुठे बांधाल?

बहुतेक जण ओरडतील, ‘वाळूवर, लाटांसमोर!’ वारा तिथे झकास असतो, हे खरं. सकाळी ऊन चढलं की जमीन भराभर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते. हे खारे वारे. दुपारी ते जोरात असतात, सूर्य कलला की मंदावतात. रात्री सगळं उलटं होतं. जमीन आधी गार होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. हे मतलई वारे. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा मच्छीमार पहाटे मतलई वाऱ्यावर समुद्रात जायचे आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचे. इंजिन नाही, डिझेल नाही, वारा फुकट.

मार्च महिन्यात कधी कधी या खाऱ्या वाऱ्यांना उशीर होतो. पूर्वेकडून येणारा तापलेला वारा त्यांना दुपारपर्यंत अडवून धरतो. अशा दिवशी मुंबईचा पारा थेट ३८-४० अंशांवर जातो. समुद्रकाठच्या गावांचा गारवा केवढा वाऱ्याच्या भरवशावर असतो, ते त्या दिवशी कळतं.

पण वाळूवरच्या घराला हाच वारा छळतो. त्यातल्या खाराने खिडक्यांचे गज गंजतात, पंखा कुरकुरतो, सायकलची साखळी लाल होते. वादळात पहिला तडाखाही त्यालाच. शिवाय भरतीरेषेच्या इतक्या जवळ बांधायला कायद्याची आडकाठी आहे. तेव्हा ही जागा बाद.

मग वर जाऊ, सड्यावर. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट कातळ. वारा भरपूर आणि समुद्र दिसतो क्षितिजापर्यंत! पण माती बोटभर, झाड औषधाला नाही. एप्रिलच्या दुपारी तिथे अनवाणी उभं राहून दाखवा. रत्नागिरीकडच्या जुन्या लोकांनी सड्यावर गुरं चारली, पण बरीचशी घरं बांधली खाली, उताराच्या पायथ्याला. त्याला आणखी एक कारण आहे. जांभा दगड सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्यातून झिरपतं आणि पायथ्याला झऱ्यातून बाहेर येतं. सड्यावर पडलेला पाऊस प्यायला सडा उतरूनच खाली यावं लागतं!

आणखी आत, डोंगरात जावं का? दापोलीला जाऊन बघू. हर्णै बंदरापासून दापोली रस्त्याने जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर आणि उंची समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास. शंभर मीटर चढलं की हवा साधारण पाऊण अंशाहून थोडी कमीच गार होते. म्हणजे दापोली हर्णैपेक्षा फार तर दीड-दोन अंशांनी गार असायला हवी. पण थंडीत दापोलीचा पारा कधी कधी दहा अंशांच्याही खाली जातो. हा जादा गारठा कुठून आला? गार हवा जड असते. निरभ्र, निवांत रात्री ती पाण्यासारखी उतारावरून ओघळते आणि सखल जागी साचून राहते. त्यातून समुद्राची ऊब इथे पोचत नाही. म्हणून लोक दापोलीला कोकणातलं मिनी महाबळेश्वर म्हणतात. थंडी आवडणाऱ्यांनी दापोलीत राहावं. मला दुपारचा खारा वारा हवा, मी परत खाली उतरतो.

खाली आहे नारळी-पोफळीची वाडी. बाहेरून आत पाऊल टाकलं की तुम्हीच म्हणाल, ‘अरे, इथे एसी लावलाय का?’ सावली तर असतेच, शिवाय झाडं पानांतून पाण्याची वाफ सोडतात आणि त्यात हवेतली उष्णता खर्च होते. झाडांची रांग वाराही अडवते. तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वारा मंदावलेला असतो. पंधरा मीटर उंच माडांची दाट रांग असेल तर त्यांच्यामागे दीडशे मीटरपर्यंत! पण वाडीच्या पोटात हवा कोंदट असते. घाम वाळत नाही आणि डास आनंदात असतात.

हे हवामान माणसांनी झाडं लावून तयार केलेलं आहे, आणि ते मोडूही शकतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, दापोली भागातल्या किती तरी बागा एका दिवसात आडव्या झाल्या. सावली गेली, वाऱ्याचा आडोसा गेला. नवी पोफळ लावली तरी तिला सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात.

माझं मत विचाराल तर जागा वाडीच्या मागे, उतार जिथे सुरू होतो तिथे, थोडीशी चढावर. माडांच्या शेंड्यांवरून येणारा वारा तिथे पोचतो, खार बराचसा झाडांना चिकटून राहतो, पावसाचं पाणी साचत नाही आणि विहीर जवळ.

फक्त एक पेच उरतो. वारा येतो पश्चिमेकडून आणि दुपारचं भाजणारं ऊनही पश्चिमेकडूनच! खिडकी उघडली तर ऊन आत, बंद केली तर वारा बाहेर. कोकणातल्या जुन्या घरांनी यावर पडवी काढली. कौलांचं छप्पर पुढे आणून इतकं खाली उतरवलं की उंच माणसाने वाकून आत यावं. तिरपं ऊन बाहेर अडतं आणि वारा खालून शिरतो. पावसाळ्यात त्याच बाजूने सर आत मारते, तेव्हा तिथे झावळ्यांचे झाप बांधायचे. वीज नसतानाच्या काळातली ही युक्ती सिमेंटच्या सपाट छपरावाल्या बंगल्यांपेक्षा मला शहाणी वाटते.

आता तुमच्या घराचं सूक्ष्म हवामान शोधा. हवेचं तापमान मोजणारा साधा तापमापक घ्या (तापाचा चालणार नाही!) आणि सावलीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर टांगा. एक दिवस गच्चीवर, एक दिवस झाडाखाली, एक दिवस विहिरीजवळ किंवा जिन्यात. सकाळी सहा आणि दुपारी तीन अशा दोन वेळा आकडा लिहा. दोन तापमापक मिळाले तर फारच छान, दोन जागा एकाच वेळी मोजता येतील. वाऱ्याची दिशा कळायला काठीला रिबीन बांधा. आठवडाभराच्या नोंदी आणि घराचा छोटा नकाशा आम्हाला पाठवा. सर्वात गार कोपरा कुठला निघाला, ते त्यावर लाल पेनाने दाखवा.