बटण दाबून लघवी

पोटाच्या कातडीला एक चपटी चकती टेकवायची, तारेनं जोडलेल्या छोट्या पेटीचं बटण दाबायचं आणि थांबायचं. काही सेकंदांत लघवी येते, पण सलग नाही. एक धार, मग खंड, पुन्हा धार. कमरेखाली काहीच न जाणवणारा माणूस व्हीलचेअरवर बसल्या बसल्या, नळी न घालता मूत्राशय रिकामं करतो. शरीरात बसवलेल्या यंत्राला बॅटरी नसते, चकतीतून येणाऱ्या रेडिओलहरींवरच ते चालतं. लंडनच्या जाइल्स ब्रिंडली यांनी ते आधी बबून माकडांवर आजमावलं आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात माणसांच्या शरीरात बसवायला सुरुवात केली. ब्रिंडली म्हणजे भलताच अवलिया शास्त्रज्ञ. अंध महिलेच्या मेंदूवर इलेक्ट्रोड बसवून तिला प्रकाशाचे ठिपके दाखवण्याचा प्रयोग त्यांनी १९६० च्या दशकातच केला होता, आणि फावल्या वेळात बॅसून या फुंकून वाजवायच्या वाद्याची इलेक्ट्रॉनिक कळांची आवृत्तीही बनवली होती.

मज्जारज्जूला इजा झाली की पाय जातात हे सगळ्यांना दिसतं. मूत्राशयाचं काय होतं, याबद्दल घरातसुद्धा कुणी मोकळेपणी बोलत नाही.

एरवी मूत्राशयाची भिंत आकुंचन पावते तेव्हा तोंडाशी असलेला गोल स्नायू, म्हणजे स्फिंक्टर, सैल पडतो. हा ताळमेळ मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रातून राखला जातो. मज्जारज्जू छातीच्या किंवा मानेच्या पातळीवर तुटला की वरून येणारा हुकूम थांबतो. सुरुवातीचे काही आठवडे मूत्राशय निपचित असतं. त्यानंतर मज्जारज्जूच्या टोकाकडचा सेक्रल भाग आपल्या मर्जीनं कामाला लागतो. जरा लघवी साठली की भिंत आवळते, आणि नेमका त्याच क्षणी स्फिंक्टरही आवळतो. लघवी अडते, आतला दाब चढतो आणि त्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो. पाण्याच्या ४० सेंटिमीटरच्या वर दाब राहू लागला की डॉक्टर किडनीसाठी धोका मानतात. दुखत तर काहीच नाही, त्यामुळे रुग्णाला पत्ताही लागत नाही. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर असेल तर तुंबलेल्या मूत्राशयामुळे रक्तदाब एकाएकी भडकतो. डोकं ठणकतं, घाम फुटतो, क्वचित मेंदूत रक्तस्रावही होतो.

आता ब्रिंडलींची युक्ती. सेक्रल नसांच्या पुढच्या मुळांना वीज दिली तर मूत्राशय आणि स्फिंक्टर दोन्ही आवळणार, मग लघवी बाहेर येणार कशी? उत्तर स्नायूंच्या जातीत सापडतं. स्फिंक्टरचा स्नायू हातापायांच्या स्नायूंसारखा चपळ असतो. वीज थांबताच क्षणात सैल होतो. मूत्राशयाचा स्नायू संथ, त्याला ढिलं पडायला कित्येक सेकंद लागतात. म्हणून वीज थोडा वेळ द्यायची आणि तोडायची. त्या मधल्या फटीत दार उघडं आणि भिंत अजून दाबतेय, अशी स्थिती मिळते. धारेतले ते खंड याच कारणानं पडतात. अर्थात नसा जिवंत हव्यात. इजा थेट सेक्रल भागालाच झाली असेल तर हे यंत्र निरुपयोगी.

हे यंत्र जगभर हजारो लोकांना बसवलं गेलं. तरीही ते घराघरांत पोचलं नाही, कारण त्याची किंमत पैशांपुरती नव्हती. मूत्राशयाचं आपोआप आवळणं थांबवायचं तर संवेदना आणणारी मागची मुळं कापावी लागतात. ती कापली की मूत्राशय शांत होतं, जास्त लघवी धरतं, गळती थांबते. त्याचबरोबर पुरुषांमध्ये स्पर्शानं येणारी ताठरता कायमची जाते, आणि थोडीफार संवेदना उरली असेल तर तीही जाते. ताठरतेसाठी शिश्नात औषध टोचण्याचा उपाय रुजवण्यातही ब्रिंडलींचाच मोठा वाटा. १९८३ साली लास वेगासच्या परिषदेत त्यांनी स्वतःलाच टोचून आलेला परिणाम भर सभेत दाखवला. तरीही विशी-पंचविशीतला रुग्ण मुळं कापू द्यायला बिचकतो, आणि ते बिचकणं रास्त आहे. पुढेमागे मज्जारज्जू जोडण्याचा इलाज निघाला तर कापलेलं परत येणार नाही.

दुसरीकडे एक अगदी साधा उपाय बाजी मारून गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांपैकी बरेच जण मूत्रसंसर्ग आणि शय्याव्रणांनी दगावत. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे १९४४ मध्ये लुडविग गटमन यांनी कणाविभाग उघडला आणि ठरावीक अंतरानं, निर्जंतुक नळीनं लघवी काढायची शिस्त लावली. (भारताचे जलतरणपटू मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये सुवर्णपदक मिळवलं त्या पॅरालिम्पिकचं मूळही याच रुग्णालयाच्या मैदानात आहे.) त्याच १९७२ साली मिशिगनच्या जॅक लॅपिडिस यांनी सांगितलं की नळी निर्जंतुक नसली तरी चालेल, स्वच्छ हवी, मूत्राशय ताणू न देणं महत्त्वाचं. तेव्हापासून रुग्ण दिवसातून चार-सहा वेळा स्वतःच नळी घालू लागले.

मग शल्यविशारदांना मूत्राशय चालवायची गरज उरली नाही, ते निवांत ठेवलं की झालं. गोळ्यांनी भागलं नाही तर दुर्बिणीतून भिंतीत तीसेक ठिकाणी बोटॉक्स टोचतात. काही महिन्यांनी पुन्हा टोचावं लागतं. त्यानंही दाब उतरला नाही की मोठी शस्त्रक्रिया. लहान आतड्याचा वीतभर तुकडा रक्तवाहिन्यांसकट वेगळा करून उभा चिरतात, शिंपला उघडावा तसं मूत्राशय उघडतात आणि तो तुकडा ठिगळासारखा शिवतात. मूत्राशय मोठं आणि कमी दाबाचं होतं. पण आतडं आपला स्वभाव सोडत नाही. ते चिकट स्राव सोडत राहतं, म्हणून सलाइननं धुवावं लागतं, नाहीतर खडे होतात. ते लघवीतलं आम्ल शोषून घेतं, म्हणून रक्ताच्या तपासण्या लागतात. नळीच्या वेळा चुकल्या तर फुगलेलं मूत्राशय फुटूही शकतं, आणि ज्याला पोटात दुखणंच कळत नाही त्याच्या बाबतीत निदानाला उशीर होतो.

नळी घालायची कुठून, हा प्रश्न बायकांना जास्त छळतो. खुर्चीवरून उतरा, कपडे सोडवा, आरसा धरा. फ्रान्समधल्या रूआँचे पॉल मित्रोफानॉफ यांनी १९८० मध्ये यावर तोडगा मांडला: अपेंडिक्सचं एक टोक मूत्राशयात आणि दुसरं पोटाच्या कातडीवर, बहुधा बेंबीत, उघडायचं. अपेंडिक्स आधीच काढलेलं असेल तर लहान आतड्याच्या तुकड्यातून नळी घडवतात. मग ब्लाउज जरा वर सरकवला की खुर्चीतच काम उरकतं. मानेच्या इजेनंतर मनगटात जोर असलेले काही जणही या वाटेनं नळी स्वतः घालू शकतात. बेंबीतलं ते छिद्र मात्र कधीकधी आकसतं, आणि पुन्हा मोकळं करण्यासाठी छोटी शस्त्रक्रिया करावी लागू शकते, ही गोष्ट संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीच विचारून घ्यावी.