घरातील ओल व बुरशी : आरोग्यावरील परिणाम आणि प्रतिबंध
(मुंबई व कोकणपट्टीतील पावसाळ्याच्या संदर्भात)

प्रस्तावना

कोकणपट्टी व मुंबई परिसरात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पर्जन्यमान मोठे असते. मुंबईत या काळात सरासरी २००० मिलिमीटरहून अधिक, तर रत्नागिरी जिल्ह्यात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास राहते. भिंतीच्या कोपऱ्यात काळे ठिपके उमटणे, रंगाचे पोपडे सुटणे, चामड्याच्या चपलांवर पांढरट थर चढणे, कपाट उघडताच कुबट वास येणे हे या दिवसांतील घरोघरीचे दृश्य होय. ते इतके परिचयाचे आहे की त्याकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून क्वचितच पाहिले जाते. दिवाळीपूर्वी रंगाचा एक हात दिला की विषय संपला, अशी सर्वसाधारण समजूत असते.

प्रस्तुत लेखात घरातील बुरशी का वाढते, तिचे आरोग्यावर कोणते परिणाम होतात, त्यांपैकी कोणते सिद्ध आहेत व कोणते नाहीत आणि सामान्य कुटुंबाला कोणते उपाय करता येतील, यांचा विचार केला आहे.

बुरशीचे स्वरूप व वाढीच्या अटी

बुरशी ही वनस्पती नव्हे व प्राणीही नव्हे. सजीवांचा तो स्वतंत्र वर्ग आहे. तिचे सूक्ष्म तंतू पदार्थाच्या आत पसरतात व पृष्ठभागावर बीजाणू तयार होतात. आपल्याला दिसणारा काळा, हिरवा वा पांढरा थर हा बहुधा या बीजाणूंचाच असतो. अनेक बीजाणूंचा आकार २ ते १० मायक्रॉन इतका लहान असल्याने ते हवेत दीर्घकाळ तरंगतात व श्वासावाटे शरीरात जातात. घरांत प्रामुख्याने क्लॅडोस्पोरियम, ॲस्परजिलस, पेनिसिलियम व अल्टरनेरिया या प्रजाती आढळतात.

बुरशीला वाढण्यासाठी बीजाणू, अन्न, योग्य तापमान व ओलावा या चार गोष्टी लागतात. बीजाणू हवेत सर्वत्र असतात. लाकूड, कागद, कापड, रंगाचा थर व साधी धूळ हे तिचे अन्न होय. आपल्याकडील तापमान तर तिला वर्षभर अनुकूलच असते. म्हणजे या चारांपैकी माणसाच्या हाती केवळ ओलावा उरतो. बुरशीवरील सर्व उपाययोजनेचे मर्म यातच आहे.

घरात ओल येण्याचे मार्ग

ओल मुख्यत्वे चार मार्गांनी येते. पहिला मार्ग पावसाच्या पाण्याचा. गच्चीच्या कोब्याला गेलेले तडे, बाहेरच्या गिलाव्यातील भेगा व खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटी यांतून पाणी झिरपते. दुसरा मार्ग नळ व सांडपाण्याच्या गळतीचा. वरच्या मजल्यावरील मोरी किंवा संडासातील पाझर खालच्या सदनिकेच्या छतावर उमटतो. तिसरा मार्ग जमिनीतून येणारा. जोत्याच्या पातळीवर ओलरोधक थर नसल्यास केशाकर्षणाने पाणी भिंतीत वर चढते व जमिनीलगत ओलीचा पट्टा दिसतो.

चौथा मार्ग हवेतील बाष्पाचा असून त्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. स्वयंपाक, आंघोळ व घरात वाळत घातलेले कपडे यांतून रोज अनेक लीटर पाणी बाष्परूपाने हवेत मिसळते. ३० अंश सेल्सिअस तापमान व ८० टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. अशी हवा २४ अंशांपर्यंत थंड झालेल्या भिंतीला लागली की तेथे पाणी साचू लागते. वातानुकूलित खोलीची भिंत शेजारच्या खोलीच्या बाजूने काळी का पडते, याचे उत्तर अनेकदा येथे सापडते. तेथे गळती शोधून उपयोग होत नाही. भिंतीला चिकटवून ठेवलेल्या कपाटामागे हवा खेळत नसल्याने बुरशी प्रथम तेथेच धरते.

आरोग्यावरील परिणाम

(अ) श्वसनविकार : अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने २००४ मध्ये व जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये या विषयावरील उपलब्ध संशोधनाचा साकल्याने आढावा घेतला. ओलसर व बुरशीयुक्त घरांत राहणाऱ्यांमध्ये नाक चोंदणे, घशाची खवखव, खोकला, छातीत घरघर व दम्याचा त्रास वाढणे यांचे प्रमाण अधिक असते, याबाबत दोन्ही आढाव्यांत पुरेसा पुरावा मान्य करण्यात आला. लहान मुले, वृद्ध व मुळातच दमा वा ॲलर्जी असणारे यांना धोका अधिक असतो. बुरशीचा तेवढाच संपर्क होऊनही निरोगी प्रौढ व्यक्तीला काहीच जाणवत नाही, असेही घडते. त्यामुळे एकाच घरात एकाला त्रास होतो व इतरांना तो मनाचा खेळ वाटतो.

(आ) विशिष्ट फुप्फुसविकार : काही दमेकऱ्यांच्या श्वासनलिकेत ॲस्परजिलस बुरशी ठाण मांडते व तिच्याविरुद्ध शरीराची तीव्र ॲलर्जिक प्रतिक्रिया होते. या विकारातील खोकला, तपकिरी कफ व क्ष-किरण चित्रातील डाग यांमुळे आपल्याकडे तो क्षयरोग समजला जाण्याचा संभव असतो. क्षयाचे औषध घेऊनही गुण न येणाऱ्या दमेकऱ्याच्या बाबतीत ही शक्यता तपासणे आवश्यक ठरते. कुजट गवत, धान्य वा साठवलेले उसाचे चिपाड यांतील बुरशी व तत्सम सूक्ष्मजीवांच्या धुळीने फुप्फुसाला सूज येते. हा विकार शेतकरी व साखर कारखान्यातील कामगारांमध्ये ज्ञात आहे.

(इ) संसर्ग : घरातील बुरशीमुळे निरोगी माणसाला प्रत्यक्ष संसर्ग होणे विरळ आहे. मात्र कर्करोगावर उपचार घेणारे, अवयव प्रत्यारोपण झालेले व दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे रुग्ण यांना तो जिवावर बेतू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये १९ रोगकारक बुरशींची अग्रक्रम यादी प्रसिद्ध केली. तिच्या सर्वांत गंभीर गटात ॲस्परजिलस फ्युमिगेटसचा समावेश आहे.

(ई) अन्नातील बुरशी : मका, शेंगदाणे व खोबरे यांवर वाढणाऱ्या ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ते यकृताच्या कर्करोगास कारणीभूत ठरते व नेहमीच्या शिजवण्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल या भागांत बुरशी लागलेला मका खाल्ल्याने यकृतदाहाची साथ येऊन शंभराहून अधिक लोक दगावले. तंतू आतवर पसरलेले असल्याने भाकरी, पाव वा शेंगदाण्यांवरील बुरशी पुसून ते खाणे सुरक्षित नसते.

काही गैरसमज

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस हा आजार ‘काळी बुरशी’ या नावाने सर्वतोमुखी झाला. त्यामुळे भिंतीवरील काळ्या डागातूनच तो होतो, असा समज पसरला. वस्तुतः तो रोग वेगळ्या गटातील बुरशींमुळे होतो. अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइडचा वापर ही त्यामागील प्रमुख कारणे होती आणि तो एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही. बुरशीचा रंग पाहून तिची जात वा घातकता ठरविता येत नाही.

याउलट भीतीचा अतिरेकही टाळावयास हवा. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे १९९३-९४ मध्ये काही तान्ह्या बालकांच्या फुप्फुसात रक्तस्राव झाला व त्याचा संबंध स्टॅकीबॉट्रिस या काळ्या बुरशीशी जोडण्यात आला. परंतु २००० मध्ये तेथील रोगनियंत्रण केंद्राने फेरतपासणी करून हा संबंध सिद्ध होत नसल्याचे जाहीर केले. श्वसनाचा त्रास हा ओलसर घराचा प्रस्थापित परिणाम आहे. त्यापलीकडील अनेक दाव्यांना पुरेसा आधार नाही.

प्रतिबंधक उपाय

१. पावसाळ्यापूर्वी गच्ची, पन्हळी, बाहेरच्या भिंतींतील भेगा व सांडपाण्याचे नळ यांची तपासणी व दुरुस्ती करावी. दुरुस्ती बाहेरून व्हावी. आतून लावलेला जलरोधक रंग पाण्याचा मार्ग केवळ बदलतो.
२. घरातील आर्द्रता शक्यतो ६० टक्क्यांच्या आत ठेवावी. ती मोजणारे साधे यंत्र बाजारात मिळते. मुसळधार पावसात खिडक्या उघडून आर्द्रता घटत नाही. उघडीप मिळताच हवा खेळती करावी. स्वयंपाकघर व न्हाणीघरातील वाफ मात्र पंख्याने थेट बाहेर काढावी.
३. ओले कपडे निजण्याच्या खोलीत वाळत घालू नयेत. कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावीत.
४. पुराचे पाणी शिरल्यास २४ ते ४८ तासांत वस्तू वाळविणे महत्त्वाचे असते, कारण त्यानंतर बुरशी धरू लागते. २६ जुलै २००५ रोजीची मुंबईतील अतिवृष्टी व जुलै २०२१ मधील चिपळूणचा पूर यांसारख्या प्रसंगी पाणी ओसरल्यावर भिजलेल्या गाद्या व उशा जपून ठेवण्याचा मोह होतो. आरोग्याच्या दृष्टीने त्या टाकून देणेच इष्ट होय.
५. धान्य, कडधान्ये व शेंगदाणे उन्हाळ्यातच कडकडीत वाळवून हवाबंद डब्यांत भरावीत.

या संदर्भात जुन्या बांधणीचा उल्लेख करणे उचित ठरेल. उतरते कौलारू छप्पर, भिंतीपासून पुढे आलेल्या वळचणी, उंच जोते, पडवी व पावसाची झड अडविणारी झापे यांनी कोकणातील घराची भिंत मुळात भिजतच नसे. ताज्या चुन्याचा लेप तीव्र अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहजी वाढत नाही. सपाट गच्ची व उघड्या बाह्यभिंतींच्या आजच्या इमारतींत हे संरक्षण राहिलेले नाही.

बुरशीची सफाई

बुरशीचा डाग सुमारे १० चौरस फुटांपेक्षा लहान असल्यास घरच्या घरी सफाई करता येते. एन-९५ मुखपट्टी, हातमोजे व चष्मा वापरावा. कोरडी बुरशी झाडू नये. तीवर हलके पाणी मारून साबणाच्या पाण्याने घासावी व जागा पूर्ण वाळवावी. मृत बीजाणूही ॲलर्जी निर्माण करतात. म्हणून बुरशी नुसती मारणे पुरेसे नसून ती काढून टाकणे आवश्यक असते. ब्लीच वापरल्यास ते संडास साफ करण्याच्या आम्लात वा अमोनियायुक्त द्रवात कदापि मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. दमेकऱ्याने व लहान मुलांनी त्या वेळी खोलीत थांबू नये. ओल कायम असताना बुरशीवर दिलेला रंग थोड्याच काळात पुन्हा पोपडे धरतो.

जबाबदारीचा प्रश्न

बुरशीचा प्रश्न केवळ स्वच्छतेचा नाही. भाडेकरूला भिंत दुरुस्त करण्याचा अधिकार नसतो, तर घरमालकाला तेथे राहावयाचे नसते. सहकारी गृहनिर्माण संस्थांत गळतीचा खर्च कोणी करावयाचा, यावरून वाद होतात व तोवर पावसाळे उलटतात. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनुसार गच्ची, पावसाचे पाणी व सामाईक नळ यांमुळे होणारी गळती दुरुस्त करणे हे संस्थेचे, तर सदनिकेतील संडास, मोरी आदींच्या अंतर्गत गळतीची दुरुस्ती हे त्या सभासदाचे कर्तव्य आहे.

इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये एका दोन वर्षांच्या बालकाचा मृत्यू झाला. पालकांनी घरातील बुरशीबाबत वारंवार तक्रार केली होती. २०२२ च्या न्यायिक चौकशीत दीर्घकाळ बुरशीच्या संपर्कामुळे झालेला श्वसनविकार हे मृत्यूचे कारण ठरले. त्यानंतर २०२३ मध्ये तेथे कायदा झाला आणि ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक गृहनिर्माणातील घरमालकांवर धोकादायक ओल व बुरशी ठरावीक मुदतीत दूर करण्याचे बंधन आले. ओलसर भिंत ही भाडेकरूच्या गैरसोयीपुरती बाब नसून त्याच्या आरोग्याच्या हक्काशी निगडित आहे, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

निष्कर्ष

घरातील बुरशी हे ओलीचे लक्षण आहे. तिची जात ओळखण्यासाठी खर्चिक तपासण्या करण्यापेक्षा पाणी कोठून येते याचा शोध घेणे अधिक फलदायी असते. पावसाळ्यात मूल सतत खोकत असेल, सुट्टीत गावी वा नातेवाइकांकडे गेल्यावर त्याला आराम पडत असेल व परतताच त्रास पुन्हा सुरू होत असेल, तर पालकांनी डॉक्टरांना घरातील ओलीविषयी आवर्जून सांगावे. दमा, ॲलर्जी व क्षयसदृश लक्षणांच्या निदानात राहत्या घराची चौकशी अंतर्भूत होणे, गृहनिर्माण संस्थांनी पावसाळ्यापूर्वी गळतीची पाहणी करणे आणि भाड्याच्या घरांबाबत दुरुस्तीची मुदत निश्चित होणे या तीन गोष्टी साध्य झाल्यास हा टाळता येण्याजोगा त्रास बऱ्याच अंशी कमी होईल.